युद्धाचे कारण विचारण्याचा हक्क

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘समाजवादी आणि युद्ध’ असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. विषय एवढा विस्तीर्ण आहे की त्यावर सर्वसाधारण बोलणे म्हणजे काहीच न बोलणे होय. म्हणून मी एकच प्रकरण घेणार आहे. २००३ साली इराकवर झालेला हल्ला आणि त्या हल्ल्यासाठी सरकारने दिलेल्या कारणांविषयी ब्रिटनमध्ये झालेला जाहीर वाद, हे ते प्रकरण. पुढाकार अमेरिकेचा होता, मग ब्रिटन का, असे कोणी विचारील. अमेरिकेत सत्तेवर बुश यांचा रिपब्लिकन पक्ष होता आणि त्याच्याकडून आपली कसलीच अपेक्षा नव्हती. ब्रिटनमध्ये मात्र सत्तेवर मजूर पक्ष होता. केअर हार्डींनी वाढवलेला, अन्यायरिन बेव्हन यांनी गाजवलेला, आपल्या चळवळीतील दोन पिढ्यांनी ज्याच्याकडे थोरल्या भावासारखे पाहिले तो हा पक्ष. परक्याच्या सरकारला प्रश्न विचारणे सोपे असते. आपल्याच पक्षाचे सरकार युद्धाला निघाले तर साध्या सभासदाने काय करावे, हा खरा अवघड प्रश्न आहे, आणि ब्रिटनमधील हजारो सभासदांना २००३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तो प्रत्यक्ष सोडवावा लागला.

या प्रकरणाविषयी एक समजूत आता सर्वत्र रूढ झाली आहे. ती अशी की, हेरखात्याची माहिती चुकली, सरकारची फसगत झाली, खरे काय ते मागाहून कळले, आणि मागाहून शहाणे सगळेच होतात. ही समजूत ऐकायला सौम्य आहे, सर्वांना सोयीची आहे आणि माझ्या मते खोटी आहे. ज्यांनी युद्धाला विरोध केला त्यांच्यापाशी कोणतीही गुप्त विद्या नव्हती. त्यांनी जे युक्तिवाद केले ते सर्वांना उपलब्ध असलेल्या, वर्तमानपत्रांत छापून आलेल्या, सुरक्षा समितीत उघडपणे वाचल्या गेलेल्या माहितीच्या आधारे केले. हे मी तारखांनिशी दाखवणार आहे. तारखा कंटाळवाण्या वाटतील, परंतु युद्धाच्या कारणांची तपासणी तारखांशिवाय होत नाही. कोणते वाक्य केव्हा उच्चारले गेले आणि त्या वेळी काय माहीत होते, यावरच सारे अवलंबून असते.

२४ सप्टेंबर २००२ रोजी ब्रिटिश सरकारने इराकच्या सर्वसंहारक शस्त्रास्त्रांविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिला पंतप्रधान टोनी ब्लेअर यांची प्रस्तावना होती. हेरखात्याने गोळा केलेली माहिती सरकारने अशा रीतीने जनतेपुढे ठेवावी, हीच मुळात नवी गोष्ट होती. त्या पुस्तिकेत एक दावा होता. आदेश मिळाल्यापासून पंचेचाळीस मिनिटांत इराक आपली काही रासायनिक वा जैविक शस्त्रे वापरू शकतो, असा. हा दावा प्रस्तावनेतही होता. वर्तमानपत्रांनी तो साहजिकच ठळक मथळ्यांत छापला आणि सायप्रसमधील ब्रिटिश तळ पंचेचाळीस मिनिटांत उद्ध्वस्त होऊ शकतील, असा अर्थ वाचकांपर्यंत पोचला. वस्तुतः मूळ माहिती रणांगणावर वापरायच्या अल्प पल्ल्याच्या दारूगोळ्याविषयी होती. दूर पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांशी तिचा संबंध नव्हता. संरक्षणमंत्री जेफ हून यांना हे ठाऊक होते. वर्तमानपत्रांचा गैरसमज दूर करण्याचा प्रयत्न आपण केला नाही, हे पुढे चौकशीत त्यांच्याच साक्षीतून बाहेर आले.

येथे क्षणभर थांबू या. सरकार खोटे बोलले काय? शब्दशः पाहिले तर ‘काही शस्त्रे’ एवढेच पुस्तिकेत लिहिले होते. खोटे वाक्य लिहिण्याची गरजच पडली नाही. कोणती शस्त्रे, एवढा एक शब्द गाळला आणि उरलेले काम वाचकाच्या भीतीने केले. सत्ताधाऱ्यांच्या असत्याचा हा सर्वांत सामान्य प्रकार आहे. कार्यकर्त्यांनी तो नीट ओळखून ठेवावा, कारण न्यायालयात त्याला असत्य म्हणता येत नाही आणि सभेत मात्र त्याचा परिणाम असत्याहून अधिक होतो. पुढे २००४ साली लॉर्ड बटलर यांच्या समितीनेही असाच अभिप्राय दिला की, दावा नेमका कशाविषयी आहे हे स्पष्ट न करता तो पुस्तिकेत यायला नको होता.

फेब्रुवारी २००३ मध्ये सरकारने दुसरी पुस्तिका काढली. ५ फेब्रुवारीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा समितीपुढे तिची वाखाणणी केली. त्यानंतर दोनच दिवसांत उघडकीस आले की तिचा मोठा भाग एका संशोधक विद्यार्थ्याच्या प्रसिद्ध झालेल्या लेखातून, त्याच्या चुकांसकट, उचललेला आहे आणि उचलताना काही शब्द अधिक भयंकर केलेले आहेत. हे कोणा हेराने शोधून काढले नाही. केंब्रिजमधील एका अध्यापकाने दोन मजकूर शेजारी ठेवून वाचले, एवढेच. हे सारे युद्ध सुरू होण्यापूर्वी सहा आठवडे.

आता निरीक्षकांकडे वळू. ८ नोव्हेंबर २००२ रोजी सुरक्षा समितीने १४४१ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत केला आणि त्या महिन्याच्या अखेरीस हान्स ब्लिक्स यांच्या नेतृत्वाखाली युनोचे शस्त्रनिरीक्षक इराकमध्ये परतले. त्यांनी सातशेहून अधिक तपासण्या केल्या. पाश्चात्य हेरखात्यांनी दाखवलेली ठिकाणेही त्यांनी तपासली. साठे सापडले नाहीत. ठरलेल्या मर्यादेपेक्षा थोडा अधिक पल्ला असलेली अल-समूद ही क्षेपणास्त्रे सापडली आणि १ मार्चपासून इराकने ती निरीक्षकांच्या देखत मोडायला सुरुवात केली. ७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल-बारादेई यांनी सुरक्षा समितीत सांगितले की, इराकने नायजरकडून युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केल्याची जी कागदपत्रे संस्थेला देण्यात आली होती ती अस्सल नाहीत. ज्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा एवढा गवगवा झाला होता त्या अणुकार्यक्रमासाठी असल्याचा पुरावा नाही, हेही त्यांनी सांगितले. ब्लिक्स यांनी उरलेल्या कामासाठी आणखी काही महिने लागतील असे म्हटले. वर्षे नव्हेत आणि आठवडेही नव्हेत, महिने. तेरा दिवसांनी, २० मार्चला, हल्ला सुरू झाला.

न्यायाने बोलायचे तर एक गोष्ट मान्य केली पाहिजे. इराककडे काहीतरी दडवलेले असावे असे त्या वेळी पुष्कळांना वाटत होते, खुद्द ब्लिक्स यांनाही आरंभी वाटत होते. सद्दाम हुसेन यांची राजवट निरीक्षकांशी वर्षानुवर्षे लपंडाव खेळली होती, संशयाला जागा होतीच. म्हणूनच विरोधकांची भूमिका नेमकी काय होती ते समजून घेतले पाहिजे. ‘शस्त्रे नाहीतच’ असे प्रतिपादन त्यांपैकी विचारी मंडळींनी केले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते की संशय म्हणजे खात्री नव्हे, तपासणी चालू आहे, ती चालू द्या. वाद शस्त्रे आहेत की नाहीत यापुरता नव्हता. अर्धवट माहितीला निश्चितीचा मुलामा देऊन माणसे मरायला पाठवावीत काय, असा तो वाद होता. या वादाचा निकाल लागायला बगदाद पडण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

ही भूमिका सर्वांत स्पष्टपणे मांडली रॉबिन कुक यांनी. ते १९९७ ते २००१ परराष्ट्रमंत्री होते आणि २००३ मध्ये मंत्रिमंडळात कॉमन्स सभेचे नेते होते. १७ मार्चला त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच रात्री सभागृहात निवेदन केले. शहरावर डागता येईल अशा, लोक ज्याला सर्वसंहारक शस्त्र समजतात त्या अर्थाने इराककडे तसे शस्त्र बहुधा नाही, असे त्यांनी सांगितले. आणि एक विसंगती दाखवली. इराकची सेना दुबळी आहे म्हणून युद्ध लवकर संपेल, असा भरवसा एकीकडे द्यायचा आणि दुसरीकडे तीच सेना एवढी भयंकर आहे की तत्काळ हल्ला केल्यावाचून गत्यंतर नाही असे म्हणायचे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी कशी खरी असतील? हा प्रश्न विचारायला गुप्त कागद लागत नाहीत. कोल्हापूरच्या वा सोलापूरच्या कोणत्याही शाखेत बसलेला कार्यकर्ता तो विचारू शकतो. कुक यांचे भाषण संपल्यावर सभागृहात टाळ्या वाजल्या. त्या सभागृहात टाळ्या वाजवण्याची प्रथा नाही.

दुसऱ्या दिवशी मतदान झाले. युद्धाची आवश्यकता अद्याप सिद्ध झालेली नाही, अशा आशयाच्या उपसूचनेला २१७ मते पडली आणि त्यांत मजूर पक्षाचे १३९ सभासद होते. ठराव फेटाळला गेला तर आपण पदावर राहणार नाही असे पंतप्रधानांनी सूचित केले होते, पक्षप्रतोदांनी एकेका सभासदाला गाठले होते, ‘आपलेच सरकार पाडणार काय’ हा सर्वांत जुना आणि सर्वांत परिणामकारक प्रश्न कानाकानांत विचारला गेला होता. तरी १३९. सरकारचा मूळ ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी संमत झाला. हुजूर पक्ष जवळजवळ सगळाच्या सगळा सरकारच्या पाठीशी उभा होता. मजूर सरकारने युद्ध पुकारायचे आणि त्याला हुजुरांनी उत्साहाने टाळी द्यायची, हे दृश्य पाहून तरी सरकारपक्षाच्या बाकांवर काहींना शंका यायला हवी होती.

कायद्याच्या प्रश्नाकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. सरकारचे सर्वोच्च कायदा सल्लागार अॅटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी ७ मार्चला पंतप्रधानांना सविस्तर लेखी मत दिले. युद्धाच्या बाजूने युक्तिवाद करता येईल, परंतु सुरक्षा समितीचा दुसरा ठराव मिळवणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, आणि प्रकरण न्यायालयात गेले तर न्यायालय आपल्या बाजूने निकाल देईलच अशी खात्री देता येत नाही, असे त्याचे सार होते. १७ मार्चला त्यांनी संसदेत जे लेखी उत्तर दिले त्यात या शंकांपैकी एकही उरली नव्हती. ते उत्तर जेमतेम एका पानाचे होते, आणि मंत्रिमंडळापुढे आले ते तेवढेच. दहा दिवसांत शंका कोठे गेल्या? परराष्ट्र खात्यातील उपकायदा सल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांना हे पटले नाही. अशा ठरावाविना केलेले युद्ध हा आक्रमणाचा गुन्हा ठरतो असे लिहून देऊन त्यांनी जवळजवळ तीस वर्षांच्या नोकरीचा राजीनामा दिला. गोल्डस्मिथ यांचे मूळ मत सरकारने प्रसिद्ध केले ते एप्रिल २००५ मध्ये, आणि तेही त्यातील भाग बाहेर फुटल्यावर.

आणखी एका स्त्रीचे नाव येथे घेतले पाहिजे. कॅथरिन गन या सरकारी टेहळणी केंद्रात भाषांतरकाराचे काम करीत होत्या. सुरक्षा समितीतील डळमळीत मतांच्या देशांचे प्रतिनिधी काय बोलतात त्यावर पाळत ठेवण्यास मदत करा, अशी अमेरिकेच्या टेहळणी संस्थेची विनंती त्यांच्या वाचनात आली. ती त्यांनी बाहेर दिली आणि २ मार्चला ‘ऑब्झर्व्हर’ने ती छापली. त्यांच्यावर खटला भरला गेला. बचावपक्षाने अॅटर्नी जनरलचे मूळ मत न्यायालयात सादर करण्याची मागणी केली. फेब्रुवारी २००४ मध्ये खटला उभा राहिला त्या दिवशी सरकारपक्षाने आपल्याला पुरावा सादर करायचा नाही असे सांगून तो सोडून दिला. ज्या खटल्यात आरोपीने कृत्य कबूल केले आहे त्या खटल्यात सरकारला पुरावा द्यावासा वाटू नये, यावर मी काही भाष्य करीत नाही.

आता युद्धाच्या बाजूच्या एका प्रामाणिक युक्तिवादाचा विचार केला पाहिजे, कारण तो आपल्याच मूल्यांतून येतो. मजूर पक्षाच्या अॅन क्लुइड यांनी कित्येक वर्षे कुर्दांच्या हक्कांसाठी काम केले होते. सद्दामच्या तुरुंगांतील छळाच्या हकिकती त्यांनी संसदेत वाचून दाखवल्या आणि युद्धाला पाठिंबा दिला. मार्च १९८८ मध्ये हलब्जा येथे विषारी वायूने हजारो माणसे मारली गेली, हे सत्य आहे. जुलमी राजवट जावी असे समाजवाद्याला का वाटू नये? परंतु या युक्तिवादाला दोन उत्तरे आहेत. हलब्जा घडले तेव्हा हीच पाश्चात्य सरकारे इराणविरुद्ध सद्दामला सांभाळून घेत होती आणि निषेधाचे फलक हाती घेऊन उभी होती ती बहुतांशी डावी मंडळी, हे पहिले. दुसरे अधिक महत्त्वाचे. सरकारने युद्धाचे कारण म्हणून मुक्तीचा हेतू सांगितलाच नव्हता. २५ फेब्रुवारी २००३ रोजी ब्लेअर यांनी कॉमन्स सभेत स्वतः म्हटले की, त्या राजवटीचा आपल्याला तिटकारा आहे, तथापि युनोची मागणी मान्य करून सद्दाम अजूनही ती वाचवू शकतात. म्हणजे शस्त्रे टाकली तर तुरुंग चालू राहिले तरी चालतील! शस्त्रे सापडेनात तेव्हा मात्र तुरुंग हेच मूळ कारण होते असे आपल्याला सांगण्यात येऊ लागले. आधी शस्त्रे, मग शस्त्रांचे ‘कार्यक्रम’, मग दहशतवाद, मग लोकशाही, अशी कारणे बदलत गेली. न्यायालयात साक्षीदाराने प्रत्येक तारखेला नवी हकिकत सांगितली तर त्या साक्षीचे काय होते, ते आपण जाणतो.

अमेरिकी शोधपथकाने २००४ च्या शरदात आपला अहवाल दिला. साठे नव्हते, बहुतांश १९९१ नंतर लगेचच नष्ट करण्यात आले होते, असा त्याचा निष्कर्ष होता. येथपर्यंत वाद संपायला हवा होता. पण ब्रिटनमध्ये तोवर वादाचे रूपच पालटले होते. मे २००३ मध्ये बीबीसीच्या एका वार्ताहराने पुस्तिका भडक केली गेल्याचा आरोप केला, त्याला माहिती देणारे म्हणून शस्त्रतज्ज्ञ डॉ. डेव्हिड केली यांचे नाव सरकारी वर्तुळातून बाहेर आले आणि जुलैत डॉ. केली मृतावस्थेत सापडले. त्यांच्या मृत्यूच्या परिस्थितीची चौकशी करणाऱ्या लॉर्ड हटन यांनी जानेवारी २००४ मध्ये सरकारला निर्दोष ठरवले आणि बीबीसीचे अध्यक्ष व महासंचालक यांना पायउतार व्हावे लागले. एका देशावर हल्ला का केला, हा प्रश्न होता. त्याचे रूपांतर सकाळच्या एका बातमीपत्रातील एक वाक्य बरोबर होते काय, या प्रश्नात झाले. सरकारने हे मुद्दाम घडवले की ओघाने घडले, याविषयी मतभेद होऊ शकतील. लाभ कोणाला झाला याविषयी होऊ शकणार नाहीत.

सर जॉन चिल्कॉट यांचा अहवाल आला ६ जुलै २०१६ रोजी, सात वर्षांच्या कामानंतर, बारा खंडांत. शांततेचे मार्ग संपण्यापूर्वीच ब्रिटनने हल्ल्यात सामील होण्याचे ठरवले, युद्ध हा त्या क्षणी अखेरचा उपाय नव्हता, धोक्याविषयीची मते समर्थनीय नसलेल्या निश्चितीने मांडली गेली, असे त्यात नमूद आहे. २८ जुलै २००२ रोजीच ब्लेअर यांनी बुश यांना ‘काहीही झाले तरी मी तुमच्याबरोबर राहीन’ अशा अर्थाचे पत्र लिहिल्याचेही त्यातून उघड झाले. म्हणजे निर्णय आधी आणि कारणे मागून! १७९ ब्रिटिश सैनिक मेले. इराकी मृतांचा आकडा त्या अहवालाने २००९ पर्यंत किमान दीड लाख मानला आहे, आणि तो बहुधा पुष्कळ अधिक असावा असेही म्हटले आहे. त्या दिवशी मजूर पक्षाचे तत्कालीन नेते जेरेमी कॉर्बिन यांनी पक्षाच्या वतीने माफी मागितली. कॉर्बिन हे त्या १३९ पैकी एक होते.

याच पक्षाने १९५६ मध्ये काय केले होते, ते आठवून पाहा. इजिप्तने सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. हुजूर पक्षाचे पंतप्रधान ईडन यांनी फ्रान्स व इस्रायलशी सेव्र येथे गुप्त करार केला. इस्रायलने हल्ला करावा आणि मग दोन्ही बाजूंना अलग करण्याच्या मिषाने ब्रिटन-फ्रान्सने उतरावे, असा तो बेत. ईडन यांनी पुढे संसदेत आपल्याला इस्रायली हल्ल्याची पूर्वकल्पना नव्हती असे बेलाशक सांगितले. त्या वेळी ४ नोव्हेंबरला मजूर पक्षाने लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात सभा भरवली. ‘युद्ध नको, कायदा हवा’ अशी पक्षाची घोषणा होती आणि बेव्हन यांनी ईडन यांच्या कारणांची सालटी काढली. त्याच दिवसांत मुंबईत आशियाई सोशलिस्ट परिषदेचे दुसरे अधिवेशन भरले होते. एका बाजूला सुवेझ आणि दुसऱ्या बाजूला बुडापेस्टच्या रस्त्यांवर उतरलेले रशियन रणगाडे, अशा काळात आपल्या चळवळीला दोन्हीकडच्या ‘कारणां’ना एकच कसोटी लावावी लागली. कसोटी एक असणे म्हणजे काय, हे तेव्हा कळत होते. १९५६ मध्ये ज्या पक्षाने कायद्याची घोषणा दिली त्याच पक्षाच्या सरकारपाशी २००३ मध्ये कायद्याचे मत खिशात होते आणि मंत्रिमंडळाला त्यातील एक पान दाखवण्यात आले. फरक एवढाच की १९५६ मध्ये पक्ष विरोधात होता.

याहून जुना आणि अधिक कटू दाखला ४ ऑगस्ट १९१४ चा आहे. त्या दिवशी जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभासदांनी युद्धकर्जाला एकमुखाने मत दिले. झारशाहीपासून संरक्षण हे त्यांना देण्यात आलेले कारण होते. पक्षाच्या आतील बैठकीत विरोध करणारे होते, पण शिस्त म्हणून त्यांनीही हात वर केले. डिसेंबरात कार्ल लीबक्नेश्ट यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. ते चार महिने त्यांना आयुष्यभर सलत राहिले असतील, असे मला वाटते.

साध्या सभासदांचे काय झाले? १५ फेब्रुवारी २००३ रोजी लंडनमध्ये निघालेल्या मोर्चात पोलिसांच्या अंदाजानेही साडेसात लाख माणसे होती आणि त्यांत मजूर पक्षाचे सभासदत्व बाळगणारे असंख्य होते. पुष्कळांनी पुढे पक्ष सोडला. १९९७ मध्ये चार लाखांवर असलेली सभासदसंख्या दहा वर्षांत दोन लाखांच्या खाली आली. सगळे युद्धामुळेच गेले असे मी म्हणणार नाही. खाजगीकरणाचे धोरणही होते. परंतु न जाता आत राहून प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एकाची हकिकत सांगण्यासारखी आहे. वॉल्टर वुल्फगँग हे नाझी जर्मनीतून पोरवयात आलेले ज्यू निर्वासित. अर्ध्या शतकाहून अधिक काळ पक्षाचे सभासद. २००५ च्या सप्टेंबरात ब्रायटन येथे पक्षाच्या वार्षिक अधिवेशनात परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ इराकमधील धोरणाचे समर्थन करीत असता हे ८२ वर्षांचे गृहस्थ जागेवरून ‘नॉन्सेन्स’ असा एक शब्द ओरडले. स्वयंसेवकांनी त्यांना उचलून बाहेर काढले. पुन्हा आत येऊ लागले तेव्हा पोलिसांनी त्यांना दहशतवादविरोधी कायद्याखाली अडवले. दुसऱ्या दिवशी पक्षाला त्यांची माफी मागावी लागली. २००६ मध्ये सभासदांनी त्यांना पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीवर निवडून दिले.

आपल्याकडे काय झाले तेही पाहू. ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने एकमताने ठराव केला. हिंदीत त्यात ‘निंदा’ हा शब्द होता आणि इंग्रजी प्रतीत त्याहून मवाळ शब्द योजला गेला. एकाच ठरावाचे दोन सूर, एक देशासाठी आणि एक वॉशिंग्टनसाठी! तरीही ठराव झाला याचे मोल आहे, कारण त्यानंतर अमेरिकेने भारताकडे इराकसाठी एक संपूर्ण डिव्हिजन फौज मागितली, सरकारमध्ये काहींचा कल ती देण्याकडे होता, आणि १४ जुलैला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने युनोच्या स्पष्ट आदेशाविना फौज पाठवण्यास नकार दिला. संसदेतला एकमुखी ठराव आणि देशभरातला विरोध पाठीशी नसता तर हा नकार एवढा सोपा झाला नसता. चौकशांच्या बाबतीत मात्र आपण ब्रिटनला नावे ठेवू नयेत. चिल्कॉट तेरा वर्षांनी का होईना, पंतप्रधानांची खाजगी पत्रे छापून मोकळे झाले. १९६२ च्या पराभवावरील हेंडरसन ब्रुक्स अहवाल आपल्या सरकारने अधिकृतपणे अद्याप प्रसिद्ध केलेला नाही.

पण आपल्यापुढचा खरा अडथळा निराळाच आहे. त्या १३९ सभासदांनी पक्षादेश मोडला आणि तरी ते सभासद राहिले. पक्षाने त्यांतल्या काहींना छळले असेल, बढती नाकारली असेल, पण त्यांची संसदेतील जागा कायम होती. आपल्या देशात १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणारा, किंवा नुसता तटस्थ राहणारा सभासददेखील, पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही तर आपली जागा गमावण्यास पात्र ठरतो. आयाराम-गयारामांना आवर घालण्यासाठी हा कायदा आला आणि त्याची गरज नव्हती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु जागा विकणारा आणि युद्धाच्या प्रश्नावर विवेकाने विरुद्ध मत देणारा, या दोघांना त्याने एकाच तागडीत घातले. हा धोका आपल्यापैकी एकाने फार लवकर ओळखला होता. १९७८ मध्ये जनता सरकारने पक्षांतरविरोधी घटनादुरुस्तीचे विधेयक मांडू पाहिले तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत सत्ताधारी पक्षाचेच मधू लिमये होते. ते विधेयक मागे घ्यावे लागले.

कायदा बदलणे आज आपल्या हाती नाही. पक्षादेश काढणे किंवा न काढणे मात्र कोणत्याही पक्षाच्या हाती असते, कारण आदेशच नसेल तर तो मोडल्याचा दोषही येत नाही. म्हणून माझी सूचना अशी आहे की, युद्ध पुकारणे, परदेशी फौज पाठवणे आणि त्यासाठी पैसा मंजूर करणे या तीन प्रश्नांवर आपल्या पक्षाने आपल्या प्रतिनिधींना कधीही पक्षादेश बजावू नये, तसेच सरकारचे कायदेविषयक मत संपूर्ण स्वरूपात संसदेपुढे आल्याखेरीज अशा कोणत्याही ठरावाला पाठिंबा देऊ नये, असा ठराव तालुका शाखांनी चर्चेला घ्यावा. आपले सभासद संसदेत किती, असे कोणी हसून विचारील. लीबक्नेश्ट यांच्या बाजूने त्या दिवशी किती होते? ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर बोलू, आणि ज्यांना तो पटत नसेल त्यांनी सर्वांच्या आधी बोलावे.